दिवाडीच्या देवळाच्या कामाला यायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेले दोन सीझन मी रविवारी गोव्यातल्या दिवाडी बेटावर जाते, एका छोट्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या कामाला. फोटो बघून ओळखीचे, ऑफिसातले, पुण्या-मुंबईचे नातेवाईक सगळे तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मोठं झालंय पण येणार असाल तर पूर्ण वाचा प्लीज, विशेषतः चुन्याचा भाग.

काम नेमकं काय चाललंय?

देऊळ लहान आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं, आत गर्भकूड (गाभारा), पुढे चौक आणि अंगणात तुळस. छप्पर गळत होतं, वाशांना वाळवी लागली होती आणि मागची एक भिंत फुगून बाहेर आली होती. ती भिंत उतरवून परत रचायची, छपराचं लाकूड बदलायचं, कौलं परत चढवायची आणि सगळीकडे चुन्याचा गिलावा करायचा एवढं काम. एवढं म्हणते पण तिसरा सीझन लागणार आहे.

दिवाडीला यायचं कसं? पूल आहे का?

दिवाडी मांडवीतलं बेट आहे, फेरीनेच यायचं. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ गेलात की धक्का लागतो, दुसरी फेरी रायबंदरहून आहे आणि डिचोलीकडून येणाऱ्यांना नार्व्याची. पायी येणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे. गाडी आणायची नसेल तर उत्तमच, धक्क्यावरून कोणीतरी स्कूटरवर घेऊन जातं.

आम्ही सकाळी 8 ला जमतो. उशीर होणार असेल तर सांगा, पण फेरी चुकली म्हणून धावत चढायला जाऊ नका, पुढची येतेच.

सामान कसं येतं मग?

तेही फेरीनेच, आणि हे समजून घ्या म्हणजे काम हळू का चाललंय ते कळेल. भरलेला टेम्पो पूर्ण ओहोटीला धक्क्यावर चढवायला त्रास होतो कारण पाणी खाली गेलं की उतार उभा होतो आणि खालचा भाग चिखलाने निसरडा असतो. म्हणून ड्रायव्हर भरतीची वेळ बघून येतो, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे ह्या रविवारी टेम्पो 9 ला आला म्हणून पुढच्या रविवारीही 9 लाच येईल असं नाही. पहिल्या वर्षी हे आम्हाला कोणालाच लक्षात आलं नव्हतं, वाळूचा टेम्पो पलीकडे तीन तास उभा आणि इकडे वीस माणसं नुसती बसून. आता भरती-ओहोटीचा तक्ता शेडच्या खांबावर चिकटवलाय आणि त्याप्रमाणेच लोकांना बोलावतो.

बेटावरचं देऊळ म्हणजे खूप जुनं असेल ना?

आत्ताची इमारत फार जुनी नाही. पण जागेची गोष्ट जुनी आहे. दिवाडी म्हणजे कदंबांच्या सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान. कदंब राजे आपल्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या कृपेचा उल्लेख करायचे इतका तो मोठा देव. 1540 च्या सुमारास पोर्तुगीजांनी दिवाडी ज्यात येतं त्या तिसवाडी तालुक्यातली देवळं पाडायला घेतली, पुढे सप्तकोटेश्वराचं देऊळही गेलं आणि लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेलं, तिथे शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये देऊळ बांधायला लावलं, तेच आजचं नार्व्याचं सप्तकोटेश्वर. ते देऊळ पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केलं आणि 2023 मध्ये परत खुलं झालं, बघून या, चुन्याचं काम कसं दिसतं ते कळेल.

शेजारच्या चोडण बेटावरचा देवकीकृष्णही असाच फिरत फिरत माशेलला आला. मी माशेलची, आमच्याकडे लहानपणापासून "देव होडीतून आले" हे ऐकत मोठी झाले. त्यामुळे बेटावरच्या एका साध्या देवळाच्या भिंतीला हात लावताना मला काय वाटतं ते शब्दात सांगता येत नाही. माझी आजी असती तर तिला पहिल्या फेरीने घेऊन आले असते.

जुन्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी गोव्याचा जो भाग आधी घेतला त्यात) हिंदूंना उघड पूजा करणं कितीतरी पिढ्या शक्य नव्हतं. 1910 ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं आणि मग वातावरण मोकळं झालं. आमचं देऊळ त्यानंतरचं, लोकांनी स्वतः चिरे वाहून बांधलेलं, असं गावचे म्हातारे सांगतात. म्हणजे तेव्हाही श्रमदानच.

मला बांधकामातलं काहीच येत नाही, येऊन काय करू?

ज्यांना येत नाही त्यांचीच जास्त गरज आहे. चिरे रचणं, वासे बसवणं हे मेस्त (सुतार) आणि गवंडी करतात, त्यात आपण हात घालायचा नाही. पण एका गवंड्याच्या मागे दहा माणसांचं काम पडून असतं. वाळू चाळणं, पाणी भरणं, उतरवलेली कौलं घासणं, जुने चिरे साफ करून नंबर घालून लावणं, झाडंझुडपं काढणं, जेवण वाढणं, भांडी.

कौलांचं सांगते कारण नवीन माणसाला पहिल्या दिवशी तेच देतो. जुनी मंगळुरी कौलं आजच्यापेक्षा जाड आणि चांगल्या भट्टीची असतात, फेकायची नाहीत. हातात धरून बोटाने टिचकी मारायची, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर बारीक तडा आहे, बाजूला ठेवायचं. मग ब्रशने शेवाळ काढायचं, मागचा शिक्का बघायचा. मंगळूरला बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला तिथून ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर गेली, आणि शिक्क्यावरून कौल कुठलं ते कळतं. वेगळ्या शिक्क्याची कौलं वेगळी रचा कारण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी, मिसळली की नीट बसत नाहीत आणि तिथूनच पाणी शिरतं.

चिरा एकट्याने उचलू नका. एक चिरा तीसेक किलोचा असतो, वाटतो तेवढा हलका नाही. दोघांनी उचलायचा, गुडघे वाकवून.

पैसे मिळतात का?

आपल्याला नाही. पण मेस्त, गवंडी आणि रोजचे कामगार ह्यांना पूर्ण मजुरी दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. देवाचं काम आहे म्हणून कमी घ्या असं कोणी कारागिराला म्हणालेलं मला चालत नाही. तो आठवडाभर तिथे असतो, आपण रविवारी येतो.

सिमेंट का वापरत नाही? दोन महिन्यांत होऊन जाईल ना

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून नीट लिहिते.

चिरा म्हणजे जांभा, त्याला भोकं असतात, तो पाणी पितो आणि परत सोडतो. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिवाय बेटावर जमिनीतूनही ओल वर चढते. चुन्याचा गिलावा असला की भिंतीत गेलेली ओल दिवाळीनंतर हळूहळू बाहेर पडते. सिमेंटचा थर लावला की वरून भिंत गुळगुळीत दिसते पण ओल आत कोंडते, ती बाहेर यायला वाट शोधते, रंगाला फुगे येतात, लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटतो आणि मागचा चिरा भुसभुशीत होतो. आमच्या नात्यातल्या एका गावात देवळाला असंच सिमेंट फासलं होतं. काही वर्षांनी कोपऱ्यातलं प्लास्टर पडलं तेव्हा मागचा चिरा हाताने खरवडला तरी निघत होता. मी ते डोळ्यांनी बघितलंय, तेव्हापासून मला कोणी सिमेंटचं सांगायला आलं की मी वादच घालते.

दुसरी गोष्ट मिठाची. दिवाडीला चारी बाजूंनी खाडीचं पाणी, आत खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली), बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारं). उन्हाळ्यात काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. ते पाणी गिलाव्यात गेलं तर मीठ भिंतीत गेलं. म्हणून कामाचं पाणी चाखून बघूनच घेतो आणि वाळू गोड्या पाण्याने दोनदा धुतो. वाळू धुणं कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण ते टाळलं तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून वाळू धुणाऱ्याला मी गवंड्याइतकाच मान देते.

वाळू कुठून येते हेही लोक विचारतात. कायदेशीर पावती असेल तरच घेतो. नदीतून रात्री काढलेली स्वस्त वाळू आणून देवळाला लावायची आमची इच्छा नाही.

चुना कसा तयार करतात? मला बघता येईल का?

बघायलाच या. पूर्वी इथे शिंपल्या भाजून चुना करायचे, आता कळीचा चुना आणतो. तो पाण्याच्या टाकीत थोडा थोडा टाकला की खदखदायला लागतो, वाफ निघते, पाणी उकळतं. मग तो पाण्याखाली आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचा, जेवढा मुरेल तेवढा लोण्यासारखा होतो. नंतर चाळलेली वाळू मिसळायची, साधारण एकाला अडीच ते तीन, आणि गवंड्याच्या सांगण्याप्रमाणे गुळाचं पाणी. थर पातळच द्यायचा, बोटाच्या जाडीपेक्षा कमी, आणि पहिला घट्ट झाल्याशिवाय दुसरा नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो त्यामुळे घाई करून उपयोग नाही, उलट ऊन लागून भरभर सुकला तर तडे जातात. म्हणून ओली गोणपाटं टांगतो आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपडतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी हे कोणी करायचं हाच मोठा प्रश्न असतो. बेटावर राहणारे असाल तर ह्या एका कामासाठी तरी नाव द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

चुना धोक्याचा असतो का?

हो, आणि इथे मी अजिबात ऐकून घेत नाही. कळीचा चुना पाण्यात टाकताना टाकीजवळ फक्त ठरलेली दोन माणसं, चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. मुलांना त्या दिवशी आवारात आणायचंच नाही. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना टाकायचा. डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, चोळायचा नाही, आणि फेरी पकडून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात). मागच्या वर्षी एका मुलाच्या मनगटावर चुना राहिला, त्याला वाटलं वाळूच आहे, घरी जाईपर्यंत कातडी लाल होऊन सोलवटली. तेव्हापासून निघताना सगळ्यांचे हात मी स्वतः बघते.

जुनं पाडून नवीन आरसीसीचं मोठं देऊळ का बांधत नाही? मार्बल वगैरे?

गोव्यात खूप ठिकाणी तसं झालंय आणि ज्यांनी केलं त्यांची श्रद्धा कमी होती असं मी म्हणणार नाही. पण मला वाईट वाटतं. कोरलेले लाकडी खांब सरपणात गेलेले, दगडी पायऱ्या टाइल्सखाली गेलेल्या बघितल्यात. आपल्या देवळांना इथल्याच पावसाने घडवलंय, उतरतं छप्पर, पुढे आलेली पडवी, गार चौक. मार्बल पावसाळ्यात घामाळतं, म्हाताऱ्या बायका घसरतात. आणि पणजोबांनी वाहून आणलेला चिरा आपण कचऱ्यात का टाकायचा? जो चिरा खराब झालाय तोच बदलायचा, बाकीचे तसेच.

जुना रंग खरवडून दिला तर चालेल का?

नाही! न विचारता भिंतीला हात लावू नका. चुनकळीच्या थरांखाली कावीचं काम असू शकतं. कावी म्हणजे ओल्या पांढऱ्या चुन्यावर लाल मातीचा थर देऊन तो अवजाराने खरवडून काढलेली नक्षी, पेडण्यात पार्सेच्या भगवतीच्या देवळात किंवा मोरजीला मोरजाईकडे बघा म्हणजे कळेल काय चीज आहे. आमच्याकडे दाराच्या वर हातभर लांबीची वेल निघाली, तीसुद्धा अर्धी. ती सापडली त्या दिवशी काम थांबवून सगळे नुसते बघत उभे होतो. आता खरवडायचं काम फक्त एक माहितगार माणूस करतो, लाकडी पट्टीने.

काम चालू असताना देव कुठे असतात?

आधी देवाचा कौल घेतला म्हणजे देवाला विचारलं, प्रसाद झाला म्हणजे होकार मिळाला, मगच काम सुरू. कलाकर्षण विधी करून तेज कलशात घेतलंय आणि बाजूच्या शेडमध्ये रोज पूजा होते. काम पूर्ण झालं की प्राणप्रतिष्ठा आणि कलशारोहण. तारीख भटजी आणि महाजन (देवस्थानचे परंपरेने हक्कदार सभासद) ठरवतील, मला विचारू नका.

मी हिंदू नाही / ह्या गावचा नाही, चालेल का?

चालेल. शेजारचे ख्रिस्ती लोक पहिल्या दिवसापासून येतात, कौलं उतरवायची शिडी त्यांच्याकडचीच आहे आणि पाऊस अचानक आला तेव्हा ताडपत्री धरायला तेच आधी धावले. आपणही त्यांच्या फेस्ताला जातो, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां (दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव) असतं तेव्हा त्या वीकेंडला आवारात तसंही कोणी काम करत नाही. गर्भकुडीत मात्र फक्त पुजारी, हे सगळ्यांनाच, मलाही लागू.

बायकांनी पाळीत यायचं का? सुतक असेल तर?

गर्भकूड आणि पूजेच्या शेडचे नियम देवस्थानचे, ते पाळा. बाकी कौलं, वाळू, चिरे, स्वयंपाकाची शेड इथे कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. सुतकात घरचेच सांगतील ते करा, काम पळून जात नाही.

कधी यायचं? पावसात काम असतं का?

दिवाळीनंतर ते मे मध्यापर्यंत. मृगाच्या आधी छप्पर झाकलेलं असलंच पाहिजे, त्यामुळे मे महिन्यात सगळ्यात जास्त माणसं लागतात आणि नेमके तेव्हाच सगळे लग्नांना जातात. पावसाळ्यात लाकडाला तेल देणं, याद्या करणं, म्हाताऱ्यांकडून आठवणी रेकॉर्ड करणं एवढंच. हेही श्रमदानच आहे, ज्यांना ओझं उचलता येत नाही त्यांनी हे घ्या. गावातल्या एका आजींनी सांगितलं म्हणून कळलं की चौकात पूर्वी पाणी जायची वाट पूर्वेला होती, खणून बघितलं तर खरंच निघाली, दगडाने बुजलेली. फुगलेल्या भिंतीचं कारण तेच होतं.

जेवण?

10 वाजता पेज, तोर (खारवलेली कैरी) आणि भाजी, दुपारी भात, वरण, खतखतं (मिश्र भाज्यांचं) किंवा मुगागाठी (मोडाच्या मुगाची). शाकाहारीच. डब्यातून नुस्तें (मासे) आणू नका, संध्याकाळी घरी जाऊन जेवा.

लहान मुलं, वयस्क माणसं?

12 च्या वरची मुलं आईबाबांबरोबर. साठीच्या वरचे भरपूर आहेत आणि तेच सगळ्यात वेळेवर येतात.

देणगी द्यायची आहे, कुठे देऊ?

माझ्याकडे नको. कोणाच्याही हातात रोख देऊ नका, देवस्थानच्या नावाने द्या आणि पावती घ्या. गोव्यात देवस्थानांचा कारभार 1933 च्या नियमांवर चालतो, महाजन आणि त्यांची समिती असते आणि मामलेदार प्रशासक असतो, हिशेब त्यांच्याकडे जातो. वस्तू द्यायची असेल तर आधी विचारा. गेल्या वर्षी न विचारता चकचकीत टाइल्स आल्या, त्या परत फेरीने पाठवताना देणाऱ्याचं मन दुखावलं, आम्हालाही बरं वाटलं नाही.

परवानग्या लागतात का?

लागतात. पंचायत तर आहेच, आणि भरतीच्या पाण्याजवळची जागा म्हणून सीआरझेडचंही (किनारी भागातल्या बांधकामाच्या नियमांचंही) बघावं लागतं. आहे त्याच पायावर आहे तसंच दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं जातं. आणि हो, काठावरच्या खारफुटीला कोयता लावायचा नाही, "थोडीच वाट करतो" असंसुद्धा नाही. बांध त्याच मुळांवर टिकून आहेत.

काय आणायचं?

बंद बूट, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, पंचा, स्वतःचं ताट-पेला. झुडपं काढताना आधी काठीने आपटा, साप असतात, घोणसही असते, आणि आंब्याच्या फांदीला हात लावण्याआधी हुमले (चावणारे लाल मुंगळे) आहेत का बघा. काही झालंच तर 108 ला फोन आणि एकाने लगेच धक्क्यावर पळायचं, फेरी थांबवून ठेवायला.

पाटीवर नाव लागतं का?

नाही. अग्रशाळेत (देवळाच्या धर्मशाळेत) एक वही आहे, आलेला प्रत्येक जण तारीख, नाव आणि काय काम केलं ते लिहितो. "वाळू धुतली" असं सतरा वेळा लिहिलेला एक माणूस आहे त्यात.

मला सगळ्या सीझनमध्ये एकच रविवार जमेल, येऊ का?

या ना. कौलांचा मागचा ढीग अजून घासायचाच आहे, ब्रश आमच्याकडे आहेत.